जुन्या रेडिओची झिलई

रेडिओवरून रेडिओविषयीच बोलणे हे काहीसे आत्मस्तुतीसारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते रेडिओच्या पोटातील यंत्राविषयी नव्हे, अथवा त्याच्या मुखातून निघणाऱ्या ध्वनीविषयीही नव्हे. माझा विषय त्याची लाकडी पेटी, आणि त्यातही त्या पेटीवर चढविलेली केसाएवढ्या जाडीची झिलई, एवढाच आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. तथापि अलीकडे कित्येक घरांतून माळ्यावर टाकलेले जुने रेडिओ खाली उतरविले जात आहेत. नातवंडांना ते दिवाणखान्यात मांडावयाचे असतात, आणि धूळ झटकली की पहिला प्रश्न निघतो तो हा : "याला नवे पॉलिश करून मिळेल काय?" मिळेल, यात शंका नाही. पण नवे चढविण्यापूर्वी जुने काय होते, ते कोठून आले आणि तेथे का बसले, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. मी शाळेत छत्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला आणि तरीही हा धडा मला स्वतःला किंमत मोजूनच शिकावा लागला. ती हकीकत तिच्या जागी येईलच.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, रेडिओला सुंदर पेटी जन्मतः मिळालेली नाही. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ च्या जून महिन्यात आपले पहिले कार्यक्रम प्रक्षेपित केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्या केंद्राचे प्रक्षेपक यंत्र अवघे दीड किलोवॅट शक्तीचे होते. त्या काळचा रेडिओ म्हणजे एक फळी, तिच्यावर उघडी वेटोळी, काचेचे दिवे, बाजूला तेजाबाने भरलेली बॅटरी आणि वर कर्णा, असा सगळा पसारा असे. ज्यांना हेही परवडत नसे ते स्फटिकाचा लहानसा संच घेऊन कानाला श्रवणयंत्र लावून बसत. बॅटरीतील तेजाब सांडले की टेबल आणि सतरंजी दोन्ही जळत. तेव्हा असला प्रकार बैठकीच्या खोलीत ठेवावयास कोणती गृहिणी राजी होणार?

हा पसारा १९३० च्या सुमारास आवरला गेला. रेडिओ घरातील विजेवर चालू लागला, कर्णा जाऊन ध्वनिक्षेपक आतच बसला, आणि सगळे यंत्र एका पेटीत मावू लागले. आता यंत्र विकावयाचे म्हणजे फर्निचर विकावयाचे, हे कारखानदारांनी ओळखले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीने १९३० साली एक लहानशी पेटी बाजारात आणली. तिचा माथा ख्रिस्तमंदिराच्या खिडकीप्रमाणे निमुळता कमानदार होता, म्हणून संग्राहक त्या घाटाला आजही 'कॅथीड्रल' या नावाने ओळखतात. इंग्लंडात १९२९ साली स्थापन झालेल्या मर्फी कंपनीने आपल्या पेट्यांच्या रचनेचे काम आर. डी. रसेल या फर्निचरच्या रचनाकाराकडे सोपविले. त्याने नक्षी, खांब, महिरपी यांना फाटा देऊन सपाट, साध्या व प्रमाणबद्ध पेट्या केल्या. लोकांना त्या प्रथम अंमळ उघड्याबोडक्या वाटल्या. पुढे मात्र तोच घाट रूढ झाला.

लाकडाला प्रतिस्पर्धी नव्हता असे नाही. एक्को कंपनीने १९३४ साली वेल्स कोट्स या वास्तुविशारदाकडून बेकलाइटची संपूर्ण वर्तुळाकार पेटी करवून घेतली, आणि ती आज वस्तुसंग्रहालयातून मांडलेली आहे. परंतु बेकलाइटला पोलादाचे महागडे साचे आणि अजस्र दाबयंत्रे लागतात. हजारोंनी एकच नमुना काढावयाचा असेल तरच ते परवडते. दरवर्षी नवा घाट काढणाऱ्याला लाकूडच सोयीचे. शिवाय लाकडी पेटीतून येणारा आवाज भरदार आणि उबदार लागतो, अशी श्रोत्यांची दृढ समजूत होती.

आता हे 'लाकूड' म्हणजे काय? येथे पुष्कळांची फसगत होते. पेटी पाहून आपल्याला वाटते की, ती अखंड अक्रोडाची आहे. वस्तुतः आत प्लायवुड अथवा एखादे हलके, स्वस्त लाकूड असते. त्याच्यावर अक्रोडाचा कापलेला पातळ पापुद्रा सरसाने चिकटविलेला असतो. सुतार त्याला व्हिनिअर म्हणतात. त्याची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांप्रमाणे उलगडून शेजारी लावले की, रेषांची सममित आकृती उमटते, आणि रेडिओच्या दर्शनी भागाचे अर्धे सौंदर्य त्या आकृतीत असते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर काही अमेरिकन पेट्यांवर अक्रोडाचा पापुद्राही नसे. साध्या लाकडावर भारी लाकडाच्या रेषांचे चित्र छापून वरून झिलई चढवीत. असली पेटी कोणी हौसेने घासली, तर रेषा पुसल्या जाऊन खाली पांढरेफटक लाकूड निघते आणि घासणारा कपाळावर हात मारून घेतो.

आता झिलईकडे वळू. एकोणिसाव्या शतकात युरोपातील उत्तम फर्निचरवर जी झिलई असे, तिला फ्रेंच पॉलिश म्हणतात. तिचे द्रव्य मात्र फ्रेंच नव्हे, ते आपले आहे. ते द्रव्य म्हणजे लाख. महाभारतात वारणावताच्या लाक्षागृहाची कथा आहे, ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीटक थव्याथव्याने वस्ती करतो आणि आपल्या शरीरातून पाझरणाऱ्या राळेचे कवच स्वतःभोवती बांधतो. या असंख्य किड्यांवरूनच 'लक्ष' म्हणजे शंभर हजार या अर्थाने 'लाख' हे नाव पडले, असे सांगतात. ही कवचे फांद्यांवरून खरवडतात, कुटतात आणि धुतात. धुताना तांबडा रंग निघतो, तोच आपल्या बायकांच्या पायांना लागणारा अळिता. उरलेले दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर धरतात व पिशवी पिळतात. वितळलेली लाख बाहेर आली की तिची पोळी करतात, आणि कसबी कारागीर ती पोळी हात, पाय आणि दात यांनी चहूकडे ताणून कागदासारखी पातळ करतो. थंड झाल्यावर तिचे तुकडे पाडतात. बाजारात मिळतो तो चपडा हाच.

छोटा नागपूर आणि त्याच्या आसपासच्या रानांतून हा माल कलकत्त्यास व तेथून परदेशी जाई. या पिकाचे महत्त्व इतके होते की, १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनाकरिता स्वतंत्र संस्था स्थापन झाली. ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्यांतील मुख्य बंधक द्रव्यही लाखच होते. विजेच्या वेटोळ्यांवर आवरण म्हणूनही लाखेचा उपयोग होई. म्हणजे विलायतेहून आलेल्या रेडिओची पेटी उघडावी, तर आत कोठेतरी आपल्याच रानातली लाख भेटण्याचा संभव असे.

चपडा स्पिरिटात विरघळवून, कापसाच्या बोळ्यावर मऊ सुती फडके गुंडाळून, थेंबभर तेलाच्या आधाराने लाकडावर गोल गोल फिरवावयाचा, हे फ्रेंच पॉलिशचे तंत्र. एकेक थर इतका पातळ असतो की, तो दिला की नाही याचाच भ्रम पडावा. असे अनेक थर, मध्ये विसावा, पुन्हा थर, असे ते काम कित्येक दिवस चाले. एखाद्या सरदाराच्या टेबलाला ही चैन शोभत होती. दिवसाला शेकडो पेट्या बाहेर काढणाऱ्या कारखान्याला ती परवडण्यासारखी नव्हती.

ही अडचण ज्या द्रव्याने सोडविली, त्याचा जन्म मोठा विलक्षण आहे. १८४६ साली बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शनबाइन याने कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया घडवून एक स्फोटक पदार्थ सिद्ध केल्याचे जाहीर केले. दिसावयास तो साधा कापूसच, पण ठिणगी पडताच भडकणारा. पुढे त्यापासून तोफाबंदुकांची धूरविरहित दारू तयार होऊ लागली, आणि पहिल्या महायुद्धात तिचे डोंगर खपले. युद्ध संपले, दारूची मागणी ओसरली, आणि एवढ्या अवाढव्य कारखान्यांचे करावयाचे काय, असा प्रश्न अमेरिकन कारखानदारांपुढे पडला. त्याच कापसाचा सौम्य प्रकार योग्य द्रावकात विरघळवला, तर त्याचा पारदर्शक, कठीण आणि झटपट वाळणारा लेप होतो. हा दाट तरीही फवारता येण्याजोगा लेप ड्यूपाँ कंपनीने १९२३ साली 'ड्यूको' या नावाने सिद्ध केला, आणि जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड मोटारीच्या १९२४ सालच्या गाड्या त्याने रंगविल्या. जुन्या तैलरंगांना पुरते वाळावयास आठवडे लागत, हा लेप काही तासांत वाळे. रेडिओचा सुकाळ नेमका त्याच सुमारास झाला. तेव्हा मोटारींच्या पाठोपाठ रेडिओच्या पेट्याही फवाऱ्याखाली आल्या. त्या लेपात तपकिरी छटा मिसळून साध्या लाकडाला अक्रोडाचा वर्ण देण्याची युक्तीही कारखान्यांनी साधली. सेल्युलोजचे पॉलिश म्हणतात ते हेच.

श्रोतेहो, थोडा विचार करा. एक झिलई लाक्षागृहाच्या कुळातली, दुसरी तोफेच्या दारूच्या कुळातली. दोन्ही मूळच्या आगीच्या सोयऱ्या, आणि दोन्हींनी घराच्या कोपऱ्यात शांतपणे बसून बातम्या आणि भजने ऐकली!

विलायतेत तयार झालेल्या या पेट्या आपल्या देशात आल्या, तेव्हा त्यांची गाठ आपल्या पावसाळ्याशी पडली. दमट हवेत सरस मऊ पडतो, पापुद्रा फुगतो आणि कडेने सुटू लागतो. उन्हात ठेवलेल्या पेटीची झिलई, तळे आटल्यावर तळच्या चिखलाला पडतात तशा तड्यांनी भरते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची केंद्रे सहा होती आणि देशभर रेडिओसंच सुमारे पावणेतीन लाख. रेडिओ ही चैनीची वस्तू, तिला परवाना लागे, त्यामुळे ती टाकून नवी घेणे थोड्यांनाच शक्य होते. मग गावचा पॉलिशवाला येई. त्याच्याजवळ फवाऱ्याचे यंत्र नसे, सेल्युलोज नसे. त्याच्याजवळ स्पिरिटची बाटली, चपडा आणि बोळा असे. तो कारखान्याच्या झिलईवर लाखेची झिलई चढवून पेटी पुन्हा चकचकीत करून देई. मात्र हे काम तो भर पावसाळ्यात सहसा हाती घेत नसे, कारण हवेतील ओल शोषून ताजी झिलई दुधासारखी पांढुरकी पडते. ती दसऱ्या-दिवाळीच्या कोरड्या हवेतच नीट बसते.

आता माझी हकीकत सांगतो. आमच्या घरी १९४८ साली आजोबांनी घेतलेला इंग्लंडच्या बनावटीचा रेडिओ आहे. माझे वडील रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून मराठी बातम्या लावीत. उजव्या हाताने बटण फिरवावयाचे आणि डावा हात पेटीच्या डाव्या कडेवर टेकवावयाचा, ही त्यांची सवय होती. निवृत्त झाल्यावर मी तो रेडिओ स्वतः दुरुस्त करावयास घेतला. विजेवर चालणारे घासण्याचे यंत्र शेजाऱ्याकडून आणले आणि डाव्या बाजूपासून सुरुवात केली. तेथे चार बोटे रुंदीचा एक काळपट, झिजलेला डाग होता. तोच मला सर्वांत विद्रूप वाटला. दहा मिनिटांत डाग नाहीसा झाला. अकराव्या मिनिटाला कोपऱ्यावर पापुद्रा फाटून प्लायवुड दिसू लागले, तेव्हा मी थांबलो.

आई त्या वेळी पंच्याऐंशी वर्षांची होती. ती चहा घेऊन आली, पेटीकडे पाहिले, कोपऱ्यावर हात ठेवला आणि एवढेच म्हणाली, "इथं ह्यांचा हात असायचा." ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर मी एका वृद्ध पॉलिशकाराकडे गेलो. त्याने कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून पेटीच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ठेवला. बोळा तांबूस झाला व चिकटू लागला. तो म्हणाला, "वरती लाख आहे." लाख निघाल्यावर खाली दुसरा थर होता. त्याला स्पिरिटने काही केले नाही, पण थिनर लावताच तो मऊ पडला. म्हणजे तो सेल्युलोजचा, कारखान्यातला. दोन्हींनी न हलणारी झिलई असती, तर ती बहुधा तेलाच्या व्हार्निशची ठरली असती, असेही त्याने सांगितले. घरी येऊन मी वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळल्या. १९६६ सालच्या दिवाळीपूर्वीच्या पानावर 'रेडिओ पॉलिश' अशी नोंद सापडली. पेटीने जे सांगितले होते, तेच वहीने सांगितले. इतिहासाच्या शिक्षकाला याहून स्पष्ट दाखला कोणता हवा? आणि मी तर त्या दाखल्याचे एक पान यंत्राने घासून टाकले होते.

ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. यंत्र पेटीतून जाणकाराकडून बाहेर काढून घ्यावे. दिव्यांच्या जुन्या रेडिओत विजेची तार काढल्यावरही काही काळ प्राणघातक भार साठून राहतो. केंद्रांची नावे छापलेली काच स्पिरिटने कदापि पुसू नये, अक्षरे निघून जातात. सुटलेला पापुद्रा फेकू नये. ओलसर फडक्यावरून मंद गरम इस्त्री फिरविली की जुना सरस पुष्कळदा पुन्हा धरतो. नंतर झिलईची परीक्षा वर सांगितल्याप्रमाणे करावी. ती लाखेची असून नुसती तडकलेली असेल, तर खरवडण्याचे कारण नाही. मऊ कुंचल्याने हलकेच स्पिरिट फिरविले की तीच लाख विरघळते, तडे मिटतात आणि ती पुन्हा बसते. सेल्युलोजला स्पिरिटऐवजी थिनर. तेथे खिडक्या उघड्या ठेवाव्या, नाकातोंडाला बाष्पे गाळणारा मुखवटा लावावा, आणि विडी, निरांजन, शेगडी यांपैकी काही जवळपास नसावे. ती झिलई कोणत्या कुळातली हे आपण ऐकलेच आहे. नवी लाख लावावयाचीच झाली, तर एका लिटर स्पिरिटात सुमारे पाव किलो चपडा रात्रभर भिजवावा, गाळावा आणि ताजाच वापरावा. वर्ष वर्ष ठेवलेले द्रावण लाकडावर चिकट राहते, नीट वाळत नाही.

लाकडी पेटीचे राज्य फार काळ टिकले नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मास आला. १९५४ साली खिशात मावणारा रेडिओ विक्रीस आला आणि पुढे हळूहळू प्लॅस्टिकने लाकडाची जागा घेतली. घरगुती रेडिओचे परवानेही आपल्याकडे १९८० च्या दशकात रद्द झाले. तेव्हा आज जी लाकडी पेटी आपल्या घरी शिल्लक आहे, ती फार तर तीस-चाळीस वर्षांच्या एका युगाची साक्ष आहे. तिच्या झिलईत एखाद्या कारखान्याचा फवारा आहे, एखाद्या पॉलिशवाल्याचा बोळा आहे, आणि जेथे झिलई नाही तेथे घरच्या कोणाचा तरी हात आहे. काय राखावयाचे आणि काय पुसावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, पण तो वाचल्यानंतरचा.

माझ्या रेडिओच्या तीन बाजूंची जुनी झिलईच मी पुन्हा बसविली. फाटलेल्या कोपऱ्यावर अक्रोडाचा नवा पापुद्रा लावून घेतला. तो बाकीच्या पेटीपेक्षा थोडा फिकट दिसतो. रंग मिसळून तो जुळवून देण्यास पॉलिशकार तयार होता, मी नको म्हटले. वडिलांच्या हाताची खूण मला परत करता येत नाही. तेव्हा ती मी पुसली, ही खूण तरी तेथे असू द्यावी.

आता रोज सकाळी बातम्या मी लावतो. डावा हात आपोआप त्याच कडेवर जातो. झिलई झिजावयास बरीच वर्षे लागतील.